खवटपणावर उतारा

पदार्थ बिघडण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, वरण आंबतं, पापड सादळतात, भाजीला तार सुटते, लोणच्यावर बुरशी येते. आणि तेल, तूप, दाणे, खोबरं यांना काय होतं? ते खवट होतात. (माणसंही खवट होतात, पण तो विषय वेगळा. शिवाय हा ब्लॉग आमच्या घरचे लोकही वाचतात, तेव्हा असो.)

आपल्या आज्यांनी हे शब्द उगाच वेगवेगळे ठेवलेले नाहीत. नासणं, आंबणं, बुरशी येणं ही सगळी सूक्ष्मजीवांची कामं. खवट होणं मात्र बहुतेक वेळा कुणाही जिवाचं काम नसतं. तो शुद्ध रसायनशास्त्राचा प्रकार आहे. हवेतला ऑक्सिजन आणि पदार्थातली चरबी यांची गाठ पडली की आज ना उद्या तो होणारच. त्यामुळे दोन्हींवरचे उपायही वेगळे. मीठ, साखर, व्हिनेगर, सोडियम बेंझोएट हे पहिल्या टोळीवरचे पहारेकरी. खवटपणावर त्यांचा काही उपयोग नाही. तिथे लागतात अँटिऑक्सिडंट. पण आपण पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतो, तेव्हा या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतो, 'प्रिझर्वेटिव्ह', आणि एकाच सुरात घाबरतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या वहिनी. गेली काही वर्षं त्या दिवाळीत आणि एरवीही घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतात. पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, चकल्या, शंकरपाळे. आजवर सगळा माल ओळखीत जायचा आणि पंधरा-वीस दिवसांत संपायचा. यंदा एका मोठ्या दुकानाने त्यांना विचारलं, कायमची ऑर्डर घ्याल का? अटी दोनच. पाकिटावर चार महिन्यांची तारीख हवी, आणि दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'नो प्रिझर्वेटिव्ह' हवं. पैसे चांगले होते. दादाला वाटलं यात विचार करण्यासारखं काय आहे. पण वहिनींनी तळणीच्या तेलाची पिशवी उलटी करून वाचली. त्यावर लिहिलं होतं, 'अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९)'. मग मला फोन. "भाऊजी, तुम्ही एवढं केमिस्ट्री शिकलात. हे ३१९ म्हणजे काय, ते खाल्लेलं चालतं का? आणि ते तेलात असताना मी 'नो प्रिझर्वेटिव्ह' लिहायचं का?"

म्हणजे एक प्रश्न विज्ञानाचा आणि एक सचोटीचा. दोन्हींची उत्तरं मी फोनवर तुकड्यातुकड्यांत दिली. इथे जरा सलग मांडतो.

माझा पोटापाण्याचा धंदा रंगांचा. आमच्याकडे तेल 'बिघडावं' म्हणून पैसे खर्च होतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा पापुद्रा होतो, म्हणूनच तर ऑइल पेंट वाळतो. ते लवकर व्हावं म्हणून आम्ही त्यात कोबाल्टचे क्षार घालतो. आणि डब्यात असतानाच साय धरू नये म्हणून दुसरं एक रसायन घालतो, त्याचं काम या क्रियेला रोखून धरण्याचं. लहानपणी क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल पाजलं असेल तर त्याचा तो चिकट हात आठवून पाहा. किंवा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा, घासूनही न निघणारा पिवळा चिकट थर आठवा. तो साचलेल्या तेलाच्या वाफेचा थर म्हणजे एका अर्थी आपोआप लागलेला ऑइल पेंटच. जवसाच्या तेलाचं जे फार वेगाने होतं, तेच दाण्यांचं, करडईचं, सूर्यफुलाचं सावकाश होतं.

हे होतं कसं? जुन्या वाड्यातली उसनवारी डोळ्यांसमोर आणा. तेलाच्या रेणूची लांब शेपटी असते आणि त्यात काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. या बंधांच्या शेजारचा हायड्रोजन जरा सैल असतो. ऊन, उष्णता किंवा लोखंड-तांब्याचा अंश यांच्यामुळे एखाद्या रेणूचा तो हायड्रोजन निघून जातो. आता हा रेणू अर्धवट, अस्वस्थ. यालाच फ्री रॅडिकल म्हणतात. तो लगेच ऑक्सिजनला चिकटतो आणि मग आपली उणीव भरून काढायला शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. याचं भागलं, पण आता शेजारी अस्वस्थ. तो पुढच्या दाराशी जातो. अशी एकाची वाटी भरायला दुसऱ्याचा डबा रिकामा करत ही साखळी सगळ्या वाड्यात फिरते. वाटेत जी पेरॉक्साइडं तयार होतात ती पुढे फुटतात आणि त्यांतून हेक्झॅनलसारखे छोटे, उडणारे पदार्थ निघतात. जुन्या शेंगदाण्यांचा जो वास आपण नाक मुरडून ओळखतो, तो यांचा.

या वाड्यात अशी एक शेजारीण असते, की मागायला आलेल्याला ती आपल्या डब्यातलं काढून देते आणि स्वतः कुणाच्या दाराशी जात नाही. साखळी तिथेच थांबते. अँटिऑक्सिडंट म्हणजे ही शेजारीण. त्याचा रेणू आपला हायड्रोजन सहज देतो, आणि दिल्यावर त्याची रचनाच अशी असते की तो शांत बसू शकतो, पुढच्याला त्रास देत नाही.

यावरून तीन गोष्टी कळतात. एक, अगदी थोडं अँटिऑक्सिडंट पुरतं, कारण एक रेणू पुढची अख्खी साखळी वाचवतो. दोन, त्याचा साठा संपला की तेल झपाट्याने खवट होतं. काल बरा लागलेला चिवडा आज अचानक बिघडल्यासारखा वाटतो तो यामुळेच. तीन, झालेला खवटपणा कुठलंही अँटिऑक्सिडंट परत फिरवू शकत नाही. ते सुरुवातीलाच हवं.

आता कुणी म्हणेल, की ही सगळी कारखानदारीची थेरं, आमच्या आजीच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं की! लोणी कढवताना आजी त्यात विड्याचं पान टाकायची. तुपाला छान वास आणि रवाळपणा येतो म्हणायची, आणि तूप टिकतं असंही म्हणायची. विड्याच्या पानात हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल आणि युजेनॉलसारखी फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात. लवंगेतही युजेनॉल असतं. ही फिनॉलं नेमकं तेच करतात, सैल हायड्रोजन देऊन साखळी तोडतात. कारखान्यातलं ते ३१९ हेसुद्धा फिनॉलच, फक्त नाव मोठं आहे, टर्शरी ब्युटाइल हायड्रोक्विनोन, म्हणजे टीबीएचक्यू. तिळाचं तेल इतर तेलांपेक्षा जास्त टिकतं, कारण त्यात सेसमॉलसारखी स्वतःची फिनॉलं असतात. बहुतेक वनस्पती तेलांत टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्व, जन्मजात असतं. तेल शुद्ध करण्याच्या खटाटोपात त्यातलं काही निघून जातं, आणि मग बाहेरून काहीतरी घालावं लागतं. गंमतच आहे, नाही?

आज्यांचे बाकीचे नियमही याच हिशेबात बसतात. लोणच्यावर चार बोटं तेल हवं, म्हणजे खालच्या फोडींना हवा लागत नाही. बरणी चिनी मातीची, म्हणजे उजेड नाही. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेल-तूपही ठेवू नये, कारण तांब्याचा अंश ही साखळी वेगाने पळवतो. जवस अख्खे महिनोन्‌महिने राहतात, पण चटणी कुटली की लवकर संपवायची, कारण कुटल्यावर सगळ्या बाजूंनी हवा लागते आणि जवसाच्या तेलात दुहेरी बंध फार. मात्र बाजरीच्या पिठाची गोष्ट थोडी निराळी. ते आठ-दहा दिवसांत कडवट होतं, कारण दळल्यावर त्यातलं लायपेज नावाचं विकर चरबीचे तुकडे करायला लागतं. ओल लागलेलं खोबरं किसताना साबणासारखं लागतं तेही साधारण याच जातीचं. अशा बिघाडावर अँटिऑक्सिडंटची मात्रा फारशी चालत नाही. पीठ ताजं दळून आणणं हाच उपाय.

आता पाकिटावरचे आकडे. आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. अँटिऑक्सिडंट बहुतेक ३०० च्या घरात सापडतात. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३०६ आणि ३०७ म्हणजे टोकोफेरॉल. ३१० प्रोपिल गॅलेट. ३१९ टीबीएचक्यू, ३२० बीएचए, ३२१ बीएचटी. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्त्व. हे स्वतः फारशी साखळी तोडत नाही, पण लोखंड-तांब्याचे कण पकडून बांधून ठेवतं. ३९२ म्हणजे रोझमेरी नावाच्या वनस्पतीचा अर्क. म्हणजे एकाच रांगेत लिंबूसत्त्वही आहे, जीवनसत्त्वही आहे आणि कारखान्यात बनवलेली फिनॉलंही आहेत. 'क्रमांक दिसला की विष' हा हिशेब इथेच कोसळतो.

या ३३० ची एक कथा सांगण्यासारखी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक चक्रमुद्रित पत्रक हातोहात फिरायला लागलं. त्यात अन्नातल्या घातक पदार्थांची यादी होती, आणि सर्वांत भयंकर, कर्करोग करणारा म्हणून नाव होतं ३३० चं! पत्रकावर विलजुइफ इथल्या नामांकित कर्करोग संस्थेचा हवाला होता. संस्थेने हे आमचं नाही म्हणून वारंवार सांगितलं, तरी पत्रक देशोदेशी वर्षानुवर्षं फिरत राहिलं. या गोंधळाचं एक मजेदार कारण सांगितलं जातं. शरीरात ऊर्जा तयार होण्याच्या प्रक्रियेत सायट्रिक ॲसिडचं एक चक्र असतं, त्याला हान्स क्रेब्स या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या नावावरून क्रेब्स चक्र म्हणतात. आणि जर्मन भाषेत 'क्रेब्स' म्हणजे कर्करोग! व्हॉट्सॲप येण्याच्या कितीतरी आधी फॉरवर्ड होते, एवढं यातून आपण शिकायचं.

पण म्हणून सगळी भीती खोटी आहे का? तर तसंही नाही. ३२० म्हणजे बीएचए घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये उंदरांना खाण्यातून २ टक्के बीएचए दीर्घकाळ दिलं, तेव्हा त्यांच्या अग्रजठरात गाठी झाल्या. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बीएचएला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता' या २ब गटात घातलं. अमेरिकेच्या सरकारी यादीतही १९९१ पासून ते संशयितांत आहे. आता दुसरी बाजू. माणसाला अग्रजठर नसतंच. २ टक्के म्हणजे किलोभर खाण्यात २० ग्रॅम. अन्नात सहसा परवानगी असते ती चरबीच्या किलोमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत, म्हणजे शंभरपट कमी, आणि तीही फक्त चरबीच्या वजनावर. त्याच २ब गटात चीन-कोरियाकडच्या पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. गंमत म्हणजे याच बीएचएने १९७० च्या दशकातल्या काही प्रयोगांत, कर्करोग करणाऱ्या रसायनांपासून प्राण्यांना संरक्षणही दिलेलं आहे. तोच पदार्थ, मात्रा आणि वेळ बदलली की वेगळा वागतो.

वहिनींच्या ३१९ चं काय? अमेरिकेने त्याला १९७२ मध्ये मान्यता दिली. भारतात ते चालतं, युरोपात चालतं, जपानमध्ये त्याला परवानगी नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत त्याच्यामुळे फ्लूविरुद्धची प्रतिकारशक्ती मंदावल्याचं दिसलं आहे. माणसात तसं होतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण प्रश्न विचारण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोज, आयुष्यभर घेतलं तरी चालेल अशी त्याची मर्यादा ठरवली आहे, शरीराच्या दर किलोमागे ०.७ मिलीग्रॅम.

चला, वहिनींच्या चिवड्याचं गणित करू. शंभर ग्रॅम चिवड्यात ३० ग्रॅम तेल धरा. त्या तेलात ३१९ कायद्याने जास्तीत जास्त तेवढं, म्हणजे किलोमागे २०० मिलीग्रॅम आहे असं धरा. तळताना काही उडतं, काही खर्ची पडतं, पण ते सोडून द्या. म्हणजे शंभर ग्रॅम चिवड्यातून पोटात गेलं ६ मिलीग्रॅम. साठ किलोच्या माणसाची मर्यादा ४२ मिलीग्रॅम. ती गाठायला रोज ७०० ग्रॅम चिवडा खावा लागेल. त्या माणसाला मारायला ३१९ ची गरज पडणार नाही, तेल आणि मीठच पुरेल. पण हेच गणित पंधरा किलोच्या पोराचं करा. त्याची मर्यादा साडेदहा मिलीग्रॅम, म्हणजे १७५ ग्रॅम चिवडा. सकाळी बिस्किटं, दुपारी चिप्स, संध्याकाळी इन्स्टंट नूडल्स आणि घरचं जेवणही याच तेलातलं, असं रोज चाललं तर ते पोर मर्यादेच्या बरंच जवळ जाऊ शकतं. या मर्यादेत सुरक्षिततेची मोठी फट आधीच ठेवलेली असते, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण 'सगळ्यांना सारखंच निर्धोक' हे वाक्यही बरोबर नाही.

आणि विज्ञान एकदा निकाल देऊन झोपी जात नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने बीएचए आणि बीएचटी ही जुनी मंडळी पुन्हा तपासायला घेतली. मला हे आश्वासक वाटतं. एखाद्या गोष्टीची फेरतपासणी होते म्हणजे ती विषारी निघाली असं नव्हे, कुणीतरी जागं आहे इतकंच.

आता या शब्दाची दुसरी बाजू. आमच्या नात्यातले एक काका बिस्किटाच्या पुड्यावर 'अँटिऑक्सिडंट' वाचून पुडा बाजूला सारतात, आणि जेवण झालं की 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेली महागडी कॅप्सूल भक्तिभावाने घेतात. तेलात जे चांगलं काम करतं ते शरीरात भरपूर घातलं की आणखी चांगलं, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. तो तपासून झालेला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतला असाच एक अभ्यास १९९६ मध्ये अर्ध्यातच थांबवावा लागला, तिथेही वाढच दिसली होती. २०११ मध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं समोर आलं. शरीर म्हणजे तेलाचा डबा नव्हे. तिथे फ्री रॅडिकल ही कामाचीही असतात, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात. काका, हे वाचत असाल तर रागावू नका, पण त्या पैशांत आवळे, पेरू आणि मूठभर तीळ येतील.

मग माझं मत काय? मला या आकड्यांची भीती वाटत नाही. खवट आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाची जास्त वाटते. त्यातले अल्डिहाइडसारखे पदार्थ निरुपद्रवी नाहीत. असं तेल खाऊ घातलेल्या प्राण्यांची वाढ खुंटते, यकृत सुजतं. भारतात १ जुलै २०१८ पासून नियम आहे, की तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड नावाचे बिघाडाचे पदार्थ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. कोपऱ्यावरच्या कढईतलं काळं तेल बघून आपण कधी विचारतो का, याचे किती टक्के झाले? 'घरगुती', 'ताजं', 'केमिकल नाही' या पाट्यांखाली ते खुशाल खपतं. ३१९ वर डोळे वटारायचे आणि ते काळं तेल मिटक्या मारत खायचं, हा न्याय मला कळत नाही.

पण म्हणून अँटिऑक्सिडंटना मी हार घालणार नाही. त्यांचा खरा परिणाम रसायनात नाही, सवयीत आहे. त्यांच्यामुळे तळलेला पदार्थ चार-सहा महिने दुकानात टांगून राहू शकतो. पूर्वी चिवडा दिवाळीत व्हायचा, कारण तो करावा लागायचा आणि संपवावा लागायचा. खवट होणं हा त्या पदार्थाचा एक प्रकारचा लगाम होता. आपण तो काढला, आणि आता पाच-दहा रुपयांची तळणी वर्षाचे बाराही महिने पोरांच्या हाताशी आहे. डॉक्टर वजन, रक्तदाब, साखर यांबद्दल बोलतात तेव्हा त्या दहा रुपयांतलं तेल-मीठ दोषी असतं, त्यातलं चिमूटभर ३१९ नव्हे. ते फक्त दार उघडून देतं.

राहिला वहिनींचा दुसरा प्रश्न. कायद्याचा कीस काढला तर अन्नाच्या नियमांत 'प्रिझर्वेटिव्ह' आणि 'अँटिऑक्सिडंट' हे दोन वेगळे वर्ग आहेत. म्हणून तर कितीतरी पाकिटांवर पुढे 'नो प्रिझर्वेटिव्ह' असतं आणि मागे बारीक अक्षरांत ३१९. शब्दशः ते खोटं नाही. पण पाकीट हातात घेणारी बाई हा भेद करत नाही. तिच्या लेखी त्या शब्दांचा अर्थ 'टिकवायला काहीही घातलेलं नाही' असा असतो, आणि लिहिणाऱ्याला हे पुरेपूर माहीत असतं. शब्द खरे आणि समज खोटी, याला मी तरी फसवणूकच म्हणतो. दादा म्हणाला, "सगळेच लिहितात." असेल. सगळेच लिहितात म्हणूनच एकीने न लिहिण्याला किंमत आहे.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की घाबरून तेल बदलू नका आणि घाबरून लपवूही नका. तारीख चार महिन्यांऐवजी दीड महिना टाका. पाकीट आतून चंदेरी, उजेड न येणारं घ्या. जमलं तर त्यात हवेऐवजी नायट्रोजन भरून देणारं मशीन बघा, मोठ्या कंपन्यांच्या चिप्सच्या फुगलेल्या पुड्यात तोच असतो. दाणे-खोबरं ताजं घ्या, आणि उरलेल्या तळणीत नवं तेल ओतू नका, कारण जुन्यातली पेरॉक्साइडं नव्या तेलाचीही साखळी सुरू करून देतात. वहिनींनी यातलं बरंचसं आधीच ठरवलं होतं असं नंतर कळलं. पाकिटावर त्यांनी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं, 'तळणीच्या तेलात अँटिऑक्सिडंट (३१९) आहे. आम्ही वेगळं काही घातलेलं नाही. दीड महिन्यात संपवा.' दुकानदाराने तोंड वाकडं केलं आणि ऑर्डर निम्मी केली. निम्मी का होईना, ठेवली. घरात याचा हिशेब अजून चालू आहे आणि दादाचा चेहरा अजून पुरता सरळ झालेला नाही.

माझी मागणी मात्र वहिनींच्या दुकानदारापेक्षा मोठी आहे. पाकिटाच्या मागची अक्षरं पुढच्या अक्षरांइतकी मोठी करा आणि ती आपल्या भाषेत लिहा. म्हणजे ज्याला दमा आहे तो २२० पासूनच्या सल्फाइटांवर नजर ठेवेल (काहींना त्यांनी खरोखरच दम लागतो), लहान मूल असलेली आई ३१९ किती ठिकाणी येतं ते मोजेल, आणि ३३० वाचून कुणी उगाच लिंबाला घाबरणार नाही. भीती बहुतेक वेळा पदार्थाची नसतेच, न कळलेल्या आकड्याची असते.

तोवर घरापुरतं एक करा. तेलाची मोठी बुधली उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, दाणे आणि तीळ थोडे थोडे आणा, जवसाची चटणी आठवड्यापुरतीच कुटा, आणि डबा उघडल्यावर आधी वास घ्या. खवटपणा ओळखणारं यंत्र आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मधोमध बसवलेलं आहे. त्याला परवाना लागत नाही आणि ते मराठीत बोलतं.